ड्रमसेटच्या ओव्हरहेडला (ड्रमच्या वर लावायच्या माइकच्या जोडीला) रिबन माइक की कंडेन्सर माइक?

एकच जोडी परवडत असेल तर डोळे झाकून कंडेन्सर घे. स्नेअर ड्रमवर स्टिक पडल्याचा तो पहिला 'टक्' त्यात स्वच्छ येतो, आणि साधा इंटरफेसही (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) पुरतो. फक्त ४८ व्होल्ट फँटम (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागतं.

पण तुझी तक्रार सिंबल (ड्रमसेटच्या झांजा) कानात घुसतात ही आहे ना? मग रिबन (यात धातूची पातळ पट्टी आवाज पकडते) एकदा भाड्याने आणून बघच. वरच्या फ्रिक्वेन्सी मुळातच उतरत जातात, त्यामुळे क्रॅश सिंबल फुटत नाही, पसरतो. मिक्समध्ये ईक्यूने थोडा ट्रेबल वाढवला तरी टोचत नाही. बीबीसीने १९५०च्या दशकात घडवलेला कोल्स ४०३८ हा रिबन माइक आजही ओव्हरहेडला लावतात, तो उगाच नाही.

मात्र रिबन पाठीमागूनही तितकंच ऐकतो. छत बुटकं असेल तर तिथून परतणारा आवाजही येणार. वर जाड रजई टांग. पॅसिव्ह (आत स्वतःचा ॲम्प नसलेला) असेल तर प्रीॲम्पला (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) ६० डीबीच्या आसपास गेन हवा, नाहीतर नुसती खरखर. पट्टी जेमतेम काही मायक्रॉनची असते. किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) भोकासमोर धरून मी एक फाडलीय, दुरुस्तीचं बिल विचारू नकोस. आणि केबल सदोष असेल तर फँटमनेही पट्टी ताणली जाते, म्हणून आधी फँटम बंद, मग केबल.