आबांना विचारा : साका, सोलकढी आणि भरतीची वेळ

घरातल्या, परसातल्या आणि किनाऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरे देण्याचा अधिकार मला कोणत्याही संस्थेने दिलेला नाही. तो मी स्वतःहून घेतला आहे आणि जबाबदारीने वापरतो. अशा प्रश्नांना फुटकळ समजणे मला मान्य नाही, कारण कोकणातली सख्खी माणसे एकमेकांशी बोलेनाशी होतात ती बहुधा आंबा, नारळ आणि कढी यांच्यावरूनच.

प्रश्न : देवगडच्या मावशीकडून आम्हांला दरवर्षी हापूसची पेटी येते. यंदा बरेच आंबे आतून पांढरट आणि आंबट निघाले, बाहेरून मात्र एकावरही डाग नव्हता. आईचे म्हणणे, बागेतला गडी मावशीला फसवतो. मावशीला सांगावे की गप्प बसावे? — ठाण्याचा भाचा

उत्तर : सांगावे, आणि गड्यावरचा आरोप आधी मागे घ्यावा. तुम्ही वर्णन केलेला दोष म्हणजे साका. तो हापूसच्या जातीतच आहे आणि फळ कापेपर्यंत बाहेरून ओळखू येत नाही, त्यामुळे तो मावशीला किंवा गड्याला दिसणे शक्यच नव्हते. झाडावर गरजेपेक्षा जास्त तयार होऊ दिलेल्या आणि उन्हाचा किंवा तापलेल्या जमिनीचा मारा बसलेल्या फळात साका अधिक आढळतो. म्हणून जाणते बागायतदार चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण, त्याहून जरा कमी) तयार झालेले फळच उतरवतात, ते सकाळच्या गारव्यात देठासकट काढून लगेच सावलीत नेतात आणि झाडाखाली गवताचे आच्छादन ठेवतात. गड्यावर कार्बाइड या रसायनाने फळे पिकवल्याचा संशय असेल, तर त्या फळाची गोष्ट निराळी असते. तिथे साल एकसारखी पिवळी होते, पण वास येत नाही आणि गर सगळीकडूनच कच्चा लागतो. साक्यात मात्र वास उत्तम असतो, सालीकडचा गर गोड लागतो आणि आतला तेवढा भाग पांढरट, बेचव राहतो. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे बंदी आहे, तेव्हा तो आरोप साधा नव्हे; परीक्षा केल्यावाचून तो कोणावरही करू नये.

पेटीवर भौगोलिक मानांकनाची खूण असली तरी तिचा साक्याशी संबंध नाही. कोकणातल्या हापूसला २०१८ साली मिळालेले ते मानांकन फळ कोणत्या मुलखातले आहे हे सांगते, आत काय निघेल हे सांगत नाही. मावशी नवी कलमे लावणार असतील, तर नीलम आणि हापूस यांच्या संकरातून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘रत्ना’ या जातीचा विचार त्यांनी अवश्य करावा, कारण तिच्यात साका होत नाही. हापूसचा स्वाद तिला तंतोतंत नाही, असे म्हणणारे भेटतील आणि त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

आता सांगायचे कसे? फोनवर सांगा, आणि तेही जेवणाची वेळ टाळून. चांगल्या निघालेल्या फळांचे कौतुक आधी करा, मग किती फळांत साका होता तो आकडा सांगा, आणि फळे उतरवण्याची वेळ व आच्छादन यांविषयी विचारा. पेटी मिळताच ‘सगळे आंबे फार छान होते’ असे कळवणारे भाचे बागेचे नुकसान करतात, कारण पुढच्या हंगामात काय बदलायचे हे मावशीला कळतच नाही.

प्रश्न : माझी सोलकढी फाटते. सासूबाई म्हणतात, माझे लक्ष मोबाइलमध्ये असते म्हणून. हे खरे आहे का? — मालवणची सून

उत्तर : सासूबाईंचे निदान अर्धे बरोबर आहे. मोबाइलने कढी फाटत नाही. पण त्याच्याकडे पाहताना कढी विस्तवावर राहिली, तर ती फाटणारच. नारळाच्या दुधातले स्निग्ध आणि पाणी यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम त्यातली प्रथिने करतात. कोकमाची आंबटाई आणि उष्णता एकत्र आली की प्रथिने गोळा होतात आणि दूध फुटते. म्हणून ओल्या खोबऱ्यात लसूण आणि मिरची घालून कोमट पाण्यात वाटावे, रस पिळून पूर्ण गार करावा आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, शेवटी घालावे. आगळात मीठ असतेच, तेव्हा वेगळे मीठ चव पाहूनच घालावे. आमसुले वापरायची असतील तर आधी भिजवून त्यांचे पाणी घ्यावे. उरलेली सोलकढी पुन्हा तापवू नये. हे सासूबाईंना सांगताना ‘तुमच्याच पद्धतीने करते’ असे म्हणावे, कारण त्यांची पद्धत हीच असणार.

प्रश्न : पुण्याहून येणारे आमचे जावई गाडी थेट पुळणीवर नेतात. मागल्या वर्षी चाके रुतली आणि पाणी दारापर्यंत आले. जावयांना बोलता येत नाही. भरती केव्हा येते हे त्यांना सोप्या रीतीने कसे समजवावे? — गुहागरचे सासरे

उत्तर : जावई हिशेबाचे माणूस असतील, तर त्यांना हिशेबच द्या. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिला पाऊणने गुणावे. जे येईल ती भरतीची ढोबळ वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. पौर्णिमा आणि अमावास्या यांना पंधरा धरावे, म्हणजे सव्वाअकरा येतात. ही वेळ दिवसाची आणि रात्रीचीही, कारण भरती साधारण साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि दोन भरत्यांच्या मधोमध ओहोटी असते. तासाभराचा फरक गृहीत धरावा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि अधिक मागेही जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा चढउतार कमी असतो. मासेमारीला जाणाऱ्यांच्या घरांत हा हिशेब लहान मुलेही करतात, आणि शहरातल्या माणसाने तो शिकण्यात कमीपणा नाही.

हा हिशेब विसर्जनालाही उपयोगी पडतो. दीड दिवसांचा गणपती भाद्रपद पंचमीला जातो, तेव्हा दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती असते आणि संध्याकाळी पाणी ओसरत असते. ओसरत्या पाण्याची ओढ समुद्राकडे असते, म्हणून गुडघ्यापलीकडे कोणी जाऊ नये, आणि ‘मला पोहता येते’ असे म्हणणाऱ्याला तर मुळीच जाऊ देऊ नये.

गाडीबद्दल मात्र हिशेबाचा आधार घेऊ नका. ओहोटीची ओली वाळू घट्ट भासते, पण पाणी चढू लागले की चाकांखालची वाळू सैल होते आणि इंजिनाच्या जोराने चाक आणखी खोल जाते. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे, पक्क्या रस्त्यावरच ठेवावी. हे जावयांना मुलीने सांगावे.

प्रश्न : फणस सोलताना हातांना लागलेला चीक पाण्याने जात नाही. — एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जाणारही नाही, कारण तो पाण्यात विरघळत नाही. सोलण्यापूर्वीच हातांना आणि विळीच्या पात्याला खोबरेल लावावे. लागलाच तर आधी तेलाने पुसावा आणि मग साबण लावावा.

प्रश्न : शेजाऱ्यांच्या माडाचा नारळ आमच्या कौलांवर पडतो. कौले आमची फुटतात, नारळ ते येऊन घेऊन जातात. भांडण न करता काय करता येईल? — वेंगुर्ल्याचे त्रस्त कुटुंब

उत्तर : नारळ आपोआप पडतो याचा अर्थ तो वेळेवर पाडला जात नाही. शेजाऱ्यांकडे नारळ मागायला जाऊ नका. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, मिळत नाही ही त्यांचीही अडचण असेल, ती विचारायला जा. दर दीड-दोन महिन्यांनी पाडेली बोलवावा आणि झाडावर चढण्यासाठी तुमच्या अंगणाची वाट मोकळी ठेवावी. मजुरी शेजाऱ्यांनी द्यावी, कारण झाड त्यांचे आहे. तोवर फुटलेल्या कौलांचा खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा घ्यावा, आणि बोलणे पावसाळ्यापूर्वीच उरकावे, कारण मृगाचा पाऊस आत आल्यावर कोणीही शांतपणे बोलत नाही.