जपानच्या प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याचा दिवस कसा जातो?

दमवणारा, पण मजेचा. तास 45 मिनिटांचा, सोबत बहुधा वर्गशिक्षक. 2020 पासून तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास, तेही गाणी-खेळांचे. पाचवी-सहावीला 70, आणि तिथे इंग्रजी हा रीतसर मूल्यमापनाचा विषय. तिसरीतली पोरं चुकीचं उत्तरही ओरडून देतात. सहावीतली येत असूनही मान खाली घालून बसतात. त्यांना एकेकट्याला उभं करू नका, जोड्या लावा. दुपारचं जेवण मुलांसोबत वर्गातच, वाढपीही मुलंच. मग सगळे मिळून शाळा झाडतात-पुसतात. माझ्या मते खऱ्या गप्पा तिथेच होतात, हातात फडकं असताना. शाकाहारी असाल तर मात्र शाळेला आधीच कळवा. साध्या दिसणाऱ्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सुपातही बहुतेकदा माशाचा अर्क असतो.