प्राथमिक शाळेतले ‘समता दूत’ खरंच काही करू शकतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी ठाण्यातल्या एका खासगी शाळेत चौथीत आहे, यंदा शाळा मुलांमधूनच ‘समता दूत’ नेमणार आहे, कोणी एकटं पडू नये आणि सगळ्यांना सारखं वागवलं जावं म्हणून. एवढ्याशा पोरांना हे झेपेल, की नुसताच बॅज?

झेपतं. मी नवी मुंबईत ऐरोली-दिघा पट्ट्यात प्राथमिकला शिकवतो. वर्गात गावठाणातल्या आगरी घरांतली मुलं आहेत, जालना-बीडकडून नाक्यावरच्या कामाला आलेल्यांची आहेत, बंजारा आहेत, उत्तर प्रदेशातली आहेत. परिपाठाला सगळी एका सुरात ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीत आपापल्या गल्लीप्रमाणे खिचडी खायला बसतात. वर्ग मला दिसतो, पण मधली सुट्टी मुलांनाच दिसते. त्यामुळे हे काम त्यांच्याकडे द्यायला हवं, यात शंका नाही. फक्त काय द्यायचं, तिथे आम्ही मोठी माणसं चुकतो. मीही चुकलो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, एक पाय अधू. लगोरी असो की खो-खो, मी त्याला गुण लिहायला बसवायचो. वही, पेन, खुर्ची. सगळ्यांना सामावून घेतो म्हणून स्वतःवरच खूश होतो. चौथीतली एक पोरगी एकदा म्हणाली, “सर, तो नेहमी लिंबूटिंबूच का?”

लिंबूटिंबू तुम्हीही पाहिला असेल, कदाचित झालाही असाल. घरातलं शेंडेफळ खेळात घ्यायचं, पण ते बाद झालं तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य कधी येत नाही. खेळतंय असं दिसतं, पण धरलेलं नसतं. आपल्या शाळांतल्या बऱ्याचशा ‘समावेशना’ला मला तेव्हापासून हाच शब्द सुचतो.

मग मुलांनीच डबा ऐसपैससाठी नियम बसवला. त्या मुलावर राज्य आलं की त्यानं एक जोडीदार निवडायचा, जोडीनं राज्य घ्यायचं. पहिल्या आठवड्यात जोडीदारच सगळं पळायचा आणि हा नुसता डब्यापाशी उभा, म्हणजे पुन्हा तेच. मग डबा कट्ट्याजवळ आला, लपायची हद्द आखडली. तीन वेळा नियम बदलले आणि प्रत्येक वेळी त्याला विचारून बदलले. (हे शेवटचं मी नाही सुचवलं.) एकदा तो “मी बाद नव्हतो!” म्हणून कडाकडा भांडला, तेव्हा मी स्टाफरूमच्या खिडकीत उभा होतो. मधे पडलो नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. एका बंजारा मुलीनं निबंधात आईला ‘याडी’ लिहिलं. ‘याडी, गाडी’ करून पोरांनी तिला रडवलं. मी रागावलो, त्यानं काही झालं नाही, चिडवणं फक्त माझ्या पाठीमागे गेलं. आमच्या वर्गातही असे दूत असतात, त्या महिन्याच्या दूतांनी फळ्याचा एक कोपरा मागितला आणि रोज एकाच गोष्टीचे सगळ्यांच्या घरातले शब्द लिहायला लागले. आय, याडी, अम्मी, माई. पुढे मीठ, झाडू, पाऊस. चार दिवसांत पोरं तिच्याच मागे लागली, गोरबोलीतल्या शिव्या शिकव म्हणून! चालायचंच.

आता तुमच्या शाळेत काय पाहायचं ते सांगतो. दूत कसे निवडणार? मतदान घेतलं की वर्गातली तीच चार हुशार, बोलकी मुलं निवडून येतात. आम्ही चिठ्ठ्या टाकतो, दर महिन्याला नवे दूत, म्हणजे ज्याला कोणी खेळात घेत नाही तोही कधीतरी दूत होतोच. दुसरं, ‘कोण कोणाला चिडवतं’ त्याची नावं दूतांनी बाईंकडे द्यायची असतील, तर ते चहाडखोर ठरतील आणि महिन्याभरात त्यांच्याशीच कट्टी होईल.

शाळा खासगी आहे, म्हणून एक गोष्ट जास्त महत्त्वाची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी आहेत. त्याच कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. पण ‘ती आरटीईवाली’ हा शब्द कुठल्याच कलमात सापडत नाही, तो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून पोरांच्या तोंडी जातो. मुलगी घरी असा काही शब्द आणते का, कान देऊन ऐका. सहलीला कोण येत नाही, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसच्या पैशांपायी कोण नाचातून गळतं, हे चौथीच्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना विचारलं तर ती सांगतात आणि हिशेबही मांडतात: ड्रेस भाड्यानं आणण्यापेक्षा सगळ्यांनी घरचाच पांढरा शर्ट घातला तर?

पालकसभेत एवढंच विचारा की दूतांनी असं काही मांडलं तर निर्णय कोण घेणार आणि किती दिवसांत. उत्तर ‘बघू’ असं आलं, तर मुलीला बॅज मिरवू द्या आणि घराखालच्या खेळात लिंबूटिंबू कोण आहे ते तिला विचारा.