बागेतले प्रश्न: मार्चमधली घाई

प्रश्न: आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) मागच्या वर्षी घर घेतलं, लॉन सांभाळायची पहिलीच वेळ. उन्हाळ्यात जमिनीला चिकटून पसरणारं जाडं गवत सगळीकडे झालं, थंडी पडली तसं ते वाळलं आणि आता तिथे टकलं पडलीयत. शेजारी म्हणतात खत, बी, सगळं आत्ताच टाकून मोकळे व्हा. टाकू का?

उत्तर: अहो थांबा. ते क्रॅबग्रास आहे, एका वर्षाचं गवत, पहिल्या कडक फ्रॉस्टला मरतं पण जाता जाता हजारो बिया सांडून जातं, आणि त्या बिया आत्ता तुमच्या त्या टकलांमधेच बसल्यात. मातीचा वरचा इंच-दोन इंच थर ५५ डिग्री फॅरनहाइटच्या आसपास काही दिवस टिकला की त्या उगवायला लागतात, म्हणजे प्री-इमर्जंट (बी उगवायच्या आतच रोखणारं तणनाशक) त्याच्या आधी पडायला हवं, नंतर टाकलं तर पैसे वाया. स्वयंपाकाचा जुना थर्मामीटर सकाळी दोन इंच खोचून बघा, नाहीतर गल्लीतल्या फोर्सिथियाकडे (पिवळ्या फुलांचं झुडूप) लक्ष ठेवा, ती पिवळी झाली की कामाला लागा आणि फुलं गळायच्या आत संपवा. हवेवर जाऊ नका, मार्चमधे एखादा शनिवार सत्तर डिग्रीचा येतो, सगळं गाव स्टोअरमधे धावतं आणि माती मात्र अजून गारठलेलीच असते.

आता बी. नेहमीचं प्री-इमर्जंट फक्त क्रॅबग्रासचंच बी ओळखून थांबवत नाही, तुम्ही पेरलेलं फेस्क्यूपण (लॉनचं गवत) उगवू देत नाही. मी पहिल्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी टाकलं होतं, रोज पाणी घालून वाट बघत बसलो आणि एक पातं आलं नाही! पेरायचंच असेल तर मेसोट्रायोन नावाचं औषध असलेलं प्री-इमर्जंट घ्या, पिशवीवर पेरणीसोबत चालतं असं लिहिलंय ना ते बघून. पण माझं ऐकाल तर टकलं तशीच राहू द्या आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमधे पेरा, माती कोमट असते आणि स्पर्धेला क्रॅबग्रास नसतं.

खताचं म्हणाल तर न्यू जर्सीत कायदाच आहे, घरमालकाला १५ नोव्हेंबर ते १ मार्च लॉनवर खत टाकता येत नाही, आणि फॉस्फरस तर माती तपासल्याशिवाय नाहीच (नवीन लॉन सोडून). रटगर्सच्या (न्यू जर्सीचं राज्य विद्यापीठ) लॅबला माती पाठवा, पीएचपण कळेल. आणि ओल्या लॉनवर रेक घेऊन नाचू नका, मूठभर माती दाबली आणि चिखलाचा गोळा झाला तर चहा प्या, अजून वेळ आहे.

कापताना ३ इंच ठेवा. लोकांना कार्पेटसारखं बारीक आवडतं आणि मग तण येतं म्हणून रडतात, उंच गवताच्या सावलीत क्रॅबग्रासचं बी उगवायला त्रास होतो, एवढं साधं आहे.

प्रश्न: हायड्रेंजिया दरवर्षी मार्चमधे छान छाटते तरी फुलं येत नाहीत, नुसती पानं.

उत्तर: ताई, छाटता म्हणूनच येत नाहीत :) मोठ्या पानांचा, निळ्या-गुलाबी गोळ्यांचा असेल तर कळ्या मागच्या वर्षीच्या काड्यांवर धरलेल्या असतात. फक्त मेलेल्या काड्या काढा, त्यापण कोंब दिसल्यावर. गुलाब मात्र फोर्सिथिया फुलला की बिनधास्त छाटा.

प्रश्न: मेथी, टोमॅटो, भेंडी कधी लावू? आई मे महिन्यात येतेय.

उत्तर: मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमधे थेट वाफ्यात, थोडी थंडी त्यांना चालते, आई येईपर्यंत मेथीची एक भाजी नक्की होईल. टोमॅटो आत्ता घरात ट्रेमधे, मिरची तर आजच, ती फार रेंगाळते, दोन्ही बाहेर मेच्या मध्यानंतर. भेंडीला गरम माती लागते, ती मेच्या शेवटी आईच्याच हातून लावून घ्या.