सोमालियात जिल्ह्याचा कारभार आणि सुरक्षा कुळांच्याच हातात का?

तुम्ही विचारलंय, की इतकी परदेशी मदत आणि फौजफाटा असूनही सोमालियात स्थानिक कारभार आणि सुरक्षा शेवटी कुळांवरच (म्हणजे एका मूळपुरुषाच्या वंशातल्या भावकीवर) का अडते. बरीच वर्षं या देशाबद्दल वाचतोय. माझ्या मते, कुळं सरकारच्या आड येतात हे अर्धंच खरं. १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि पोलीस, न्यायालयं सगळंच गेलं. माणसाच्या पाठीशी उरलं ते कूळ. कुणाच्या हातून खून झाला, तर भरपाई एकटा खुनी देत नाही, भाऊबंद वर्गणी काढून देतात. रिवाजाप्रमाणे पुरुषाच्या जिवाचे १०० उंट. ज्याची भावकी दुबळी, त्याला वाली नाही.

सत्तेची वाटणीही तशीच झाली. २००० साली जिबूतीतल्या आर्ता परिषदेत 'साडेचार'चं सूत्र ठरलं: दारोद, हाविये, दिर आणि दिगिल-मिरिफले या चार मोठ्या कुळांना सारखा एकेक वाटा, बाकी सगळ्यांना मिळून अर्धा वाटा. म्हणजे २७५ खासदारांत चौघांना प्रत्येकी ६१ आणि उरलेल्यांना ३१. युद्ध थांबवायला हे ठीक होतं. पंचवीस वर्षं त्यावर देश चालवणं मला पटत नाही. २०२१-२२ च्या निवडणुकीत एकेका जागेसाठी १०१ प्रतिनिधींनी मतदान केलं, आणि त्यांच्या निवडीत कुळातल्या वडीलधाऱ्यांचा शब्द चालला. असा खासदार गावातल्या शाळेपेक्षा वडीलधाऱ्यांच्या मर्जीकडे जास्त बघणार.

सुरक्षेचं बोलायचं तर हिरान प्रांत बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या हवाडले कुळातले लोक अल-शबाब या सशस्त्र इस्लामी अतिरेकी संघटनेच्या खंडणीला आणि जाळपोळीला कंटाळून बंदुका घेऊन उठले. लुंगी नेसून लढणारे म्हणून त्यांना 'मआविसले' म्हणतात. सरकारी फौज त्यांच्या जोडीला गेली आणि वर्षानुवर्षं न सुटलेली गावं काही महिन्यांत सुटली. साहजिकच आहे: पाऊलवाट कुठे फुटते, कुणाचा पोरगा शबाबमध्ये गेलाय, हे गावच्याच माणसाला ठाऊक. पण तोच माणूस बंदूक घेऊन शेजारच्या कुळाच्या हद्दीत शिरला, की त्यांच्या लेखी तो शत्रूच. गणवेशातल्या सैनिकाचीही तीच गत. नाक्यावर त्याच्या हातून कुणी मेलं, तर हिशेब लष्कराकडे नाही, त्याच्या कुळाकडे मागितला जातो.

पुढे जून २०२३ मध्ये हिरान ज्यात मोडतो त्या हिरशाबेले राज्याने हिरानचे गव्हर्नर अली जेयते यांना पदावरून काढलं. ते या उठावाचा चेहरा होते, स्वतः हवाडले. त्यांनी हुकूम धुडकावला आणि हिरान हिरशाबेलेतून वेगळा झाल्याचं जाहीर केलं. एका हकालपट्टीवरून शबाबविरोधी आघाडी आपसात भिडली!

यातून वाट निघेल तर खालून, असं मला वाटतं. ईशान्येकडच्या पुंटलँड राज्याने २०२१ मध्ये कार्दो, एल आणि उफेन या तीन जिल्ह्यांत थेट मतदानाने परिषदा निवडल्या. मे २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांत तसंच मतदान झालं. राज्याच्या अध्यक्षपदाची वेळ आली तेव्हा मात्र, जानेवारी २०२४ मध्ये, मतदान केलं ते कुळांच्या वाट्यावर आलेल्या ६६ आमदारांनीच.