विज्ञानपटातला नियम शेवटपर्यंत टिकतो का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: भारतीय चित्रपट विज्ञानकथेचे विषय गांभीर्याने हाताळू लागले आहेत का, त्यातले बरेचसे फसतात ते पैसा आणि तंत्र कमी पडल्यामुळे का, आणि पाहायला सुरुवात कोठून करावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते होकारार्थी आहे, मात्र त्याचा पुरावा हिंदीपेक्षा तमिळ आणि मल्याळममध्ये अधिक सापडतो. दुसऱ्या प्रश्नाला मी ठामपणे नाही असे उत्तर देईन. विज्ञानकथा एका गृहीतकावर उभी असते. ते एखादे यंत्र असेल, एखादा शोध असेल किंवा दूरच्या ग्रहावरचा पाहुणा असेल. गृहीतक कितीही अशक्य असले तरी प्रेक्षक ते खुशीने मान्य करतो. त्या बदल्यात त्याला एवढीच हमी हवी असते की कथेने स्वतःच घालून घेतलेले नियम शेवटच्या प्रसंगापर्यंत पाळले जातील आणि नायक अडचणीत आला म्हणून ते गुपचूप बदलले जाणार नाहीत. आपले पुष्कळ विज्ञानपट मध्यंतरापर्यंत ही हमी पाळतात आणि त्यानंतर मोडतात.

नियम पाळायला मोठा खर्च लागत नाही, हे १९८७ सालच्या ‘मिस्टर इंडिया’ने दाखवून दिले होते. सलीम-जावेद यांच्या पटकथेत मनगटावरचे यंत्र माणसाला अदृश्य करते, पण लाल प्रकाशात तो दिसू लागतो. लहान मुलालाही एका वाक्यात सांगता येईल असा हा नियम आहे, आणि नायक पकडला जाईल का ही धाकधूक त्यातूनच निर्माण होते. २००३ सालच्या ‘कोई मिल गया’मधल्या ‘जादू’ नावाच्या परग्रहवासीयाची शक्तीही अशीच उन्हावर अवलंबून आहे, सूर्य ढगाआड गेला की ती ओसरते. हा भाग मला आजही आवडतो. माझा आक्षेप वेगळा आहे. परग्रहावरचा जीव येथे वर देणाऱ्या देवासारखा वागतो, आणि नायक रोहितचे मतिमंदत्व दूर करणे हेच त्याचे मुख्य काम होऊन बसते. अवकाशात ध्वनी पाठवून उत्तराची वाट पाहणाऱ्या वडिलांपासून चित्रपट सुरू होतो, पण पलीकडे कोण आहे आणि त्याला आपल्याविषयी काय वाटते, हा प्रश्न पुढे कोणी विचारतच नाही.

याउलट सत्यजित राय यांनी १९६२ साली ‘संदेश’ मासिकात लिहिलेली ‘बंकुबाबूर बंधू’ ही कथा पाहावी. खेड्यातल्या एका गरीब, सतत थट्टेचा विषय होणाऱ्या शिक्षकाला परग्रहावरचा प्रवासी भेटतो. तो त्याला कोणतीही शक्ती देत नाही. आपल्याजवळच्या नळीतून दूरचा उत्तर ध्रुव दाखवतो आणि फार मवाळपणा बरा नव्हे, एवढेच सांगतो. त्यानंतर तो शिक्षक गावच्या बैठकीत जाऊन सर्वांना पहिल्यांदाच सुनावतो. या कल्पनेवर आधारित रायांची पटकथा कोलंबिया पिक्चर्सपर्यंत पोहोचली होती, पण तो चित्रपट झाला नाही. तो झाला असता तर परग्रहवासी म्हणजे काय, याचा आपल्याकडचा पहिला ठसा कदाचित वेगळा उमटला असता, असे मला मनापासून वाटते.

मध्यंतरानंतर हमी कशी मोडते याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण म्हणजे शंकर यांचा २०१० सालचा तमिळ चित्रपट ‘एंदिरन’. त्याच्या पूर्वार्धातला आगीचा प्रसंग भारतीय विज्ञानपटातल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक आहे. चिट्टी हा यंत्रमानव जळत्या इमारतीतून माणसांना एकामागून एक बाहेर काढतो. त्यात अंघोळ करत असलेल्या एका मुलीलाही तो तशीच, विवस्त्र, जमावासमोर आणून उभी करतो. जीव वाचवणे हे त्याला दिलेले काम होते आणि ते त्याने बिनचूक केले. लाज ही गोष्ट त्याला कोणी शिकवलेलीच नव्हती. ती मुलगी लोकांच्या नजरा आणि कॅमेरे चुकवत धावत सुटते आणि गाडीखाली येऊन मरते. आज्ञा पाळणाऱ्या यंत्राकडून अनर्थ कसा घडतो हे याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही, आणि चिट्टीला घडवणारा शास्त्रज्ञ वसीगरन त्याला भावना शिकवायला बसतो ते याच घटनेमुळे, म्हणजे कथा नियमातूनच पुढे सरकते. मग चिट्टी प्रेमात पडतो, त्याला विध्वंसक बनवणारी लाल चिप त्याच्यात बसवली जाते आणि उत्तरार्धात शेकडो चिट्टी एकमेकांना चिकटून कधी गोळा तर कधी अजस्र साप बनतात. तंत्र म्हणून ते विलक्षण आहे, पण तोवर मूळ प्रश्न बाजूला पडलेला असतो. तो परत येतो थेट शेवटी, २०३० सालच्या संग्रहालयात. सुटे भाग करून ठेवलेल्या चिट्टीला, तुला का मोडले, असे एक शाळकरी मुलगी विचारते आणि तो सांगतो की तो विचार करू लागला होता.

या चित्रपटाच्या लेखनात सुजाता यांचा वाटा होता, हे विसरता कामा नये. एस. रंगराजन हे त्यांचे खरे नाव. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता म्हणून काम करता करता त्यांनी तमिळमध्ये विज्ञानकथा लोकप्रिय केली, आणि चित्रपट पूर्ण होण्याआधी, २००८ साली, त्यांचे निधन झाले. पूर्वार्धाची घट्ट वीण आणि त्यांचे लेखन यांचा संबंध मी जोडतो तो अंदाजाने, पण पुढचा भाग, २०१८ सालचा ‘२.०’, पाहिल्यावर तो अंदाज बळावतो. मोबाइल मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाने पक्षी मरतात, हा अद्याप सिद्ध न झालेला दावा तेथे ठाम सत्य म्हणून मांडला जातो, आणि त्यापुढची सगळी कथा सूड घेणाऱ्या आत्म्याची होते; विज्ञानाचे शब्द तेवढे शिल्लक राहतात.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. आपल्याकडे शास्त्रज्ञ आणि त्याने घडवलेले यंत्र यांचा चेहरा एकच असतो, कारण दोन्ही भूमिका तोच मोठा नट करतो. दुहेरी भूमिकेची आपली जुनी परंपरा विज्ञानकथेत अशी मिसळली आहे. २०१६ सालच्या ‘२४’मध्ये काळ मागेपुढे नेणारे घड्याळ आहे, आणि ते घडवणारा शास्त्रज्ञ, त्याचा दुष्ट जुळा भाऊ आणि मुलगा या तिन्ही भूमिका तमिळ नट सूर्या याच्याच आहेत. याचा फायदाही आहे. निर्माता आणि निर्मिती समोरासमोर उभे राहिले की माणूस स्वतःशीच झगडतो आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तोटा असा की नटाला हरवू न देण्याची सक्ती यंत्रालाही लागू होते, आणि जे यंत्र कधी हरत नाही त्याला नियम उरत नाहीत.

आता ज्यांनी हमी पाळली त्यांच्याकडे वळतो. आर. रविकुमार यांचा ‘इंड्रु नेट्रु नालै’ २०१५ साली आला. २०६५ सालातून पाठवलेले कालयंत्र चेन्नईतल्या दोन मित्रांच्या हाती लागते. त्यांपैकी एक ज्योतिषाचा व्यवसाय करणारा आहे. ते इतिहास बदलायला जात नाहीत. लोकांच्या हरवलेल्या वस्तू कोठे पडल्या हे भूतकाळात जाऊन पाहतात आणि परत येऊन भविष्य सांगितल्याच्या थाटात पत्ता सांगतात. यंत्र हाती आल्यावर सामान्य माणूस पहिल्यांदा पोटापाण्याचाच विचार करील, हे यातले निरीक्षण मला अतिशय खरे वाटते. पुढे अशाच एका फेरीत त्यांच्या नकळत ढवळाढवळ होते आणि पोलिसांच्या हातून मरायचा तो गुंड जिवंत राहतो. उरलेला चित्रपट या एका चुकीची किंमत वसूल करण्यात जातो. नवी शक्ती मिळत नाही, नवा नियम येत नाही; आधी सांगितलेलेच अधिकाधिक अवघड होत जाते.

मल्याळममधल्या ‘अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५’ (२०१९) या रतीश बालकृष्णन पोदुवाल यांच्या चित्रपटाला मी याहूनही वरचे स्थान देतो. नोकरीसाठी रशियात गेलेला मुलगा उत्तर केरळमधल्या आपल्या हट्टी, जुन्या वळणाच्या वडिलांच्या देखभालीसाठी यंत्रमानव आणतो. वडील आधी त्याला घरात घ्यायला तयार नसतात. मग त्याला मुंडू (केरळी लुंगी) नेसवतात, सोबत घेऊन फिरतात आणि हळूहळू मुलाच्या जागी मानू लागतात. यंत्र मात्र यंत्रच राहते. त्याला मन फुटत नाही, ते वेळेवर औषध देते आणि विचारलेल्याला उत्तर देते. जे काही बदलते ते म्हाताऱ्याच्या आणि मुलाच्या मनात. सूरज वेंजारमूडू यांनी चाळिशीत असताना हा म्हातारा उभा केला आणि यंत्रमानवाच्या पोशाखात सूरज तेलक्काड हा ठेंगणा नट होता. संगणकीय चित्रणाऐवजी प्रत्यक्ष माणूस समोर असल्याने दोघांच्या नजरांना आणि स्पर्शाला वजन येते. मुले परदेशी आणि आईवडील गावी एकटे, ही केरळमधल्या असंख्य घरांची स्थिती आहे. विज्ञानकथेचे गृहीतक तिच्यावर प्रकाश टाकते, तिच्यापासून पळ काढत नाही.

पुराणकथा आणि विज्ञान यांची सरमिसळ हेच आपल्या विज्ञानपटाचे दुखणे आहे, असे अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. आरती कडव यांच्या ‘कार्गो’मध्ये (२०१९) ‘पुष्पक ६३४ए’ नावाचे अवकाशयान आहे आणि त्यावर प्रहस्त नावाचा राक्षस वर्षानुवर्षे एकट्याने नोकरी करतो आहे. मेलेली माणसे तेथे येतात, त्यांच्याजवळच्या वस्तू काढून घेतल्या जातात, स्मृती पुसली जाते आणि त्यांना पुनर्जन्मासाठी पाठवले जाते. सगळे काम सरकारी कचेरीच्या शिस्तीने चालते, बटणे आणि पडदे जुनाट आहेत, आणि खालून सूचना देणाऱ्या वरिष्ठाच्या भूमिकेत आपले नंदू माधव आहेत. पुनर्जन्म ही श्रद्धा येथे एक कार्यपद्धती बनते आणि ती राबवणाऱ्याच्या एकटेपणाची गोष्ट सांगितली जाते. नाग अश्विन यांच्या ‘कल्की २८९८ एडी’कडे (२०२४) कित्येक पट अधिक साधने होती आणि कल्पनाही दमदार होती: सुकून गेलेली काशी, तिच्यावर तरंगणारे आणि पाणी, हिरवळ, अन्न गिळून बसलेले ‘कॉम्प्लेक्स’, आणि तेथे प्रवेश मिळावा म्हणून ‘युनिट’ हे तिथले चलन जमवणारी माणसे. टंचाईच्या या व्यवस्थेची कथा सांगितली असती तर ती पुष्कळ दूर गेली असती. चित्रपट मात्र अश्वत्थामा रणात उतरताच आपली व्यवस्था विसरतो, आणि प्रेक्षकाला महाभारतातले कोण कोणाच्या रूपात आले याच्याच ओळखी पटवत राहतो.

मराठीविषयी लिहिताना मला हळहळ वाटते. सुजय डहाके यांच्या ‘फुंतरू’सारखा (२०१६) एखादा प्रयत्न सोडला तर पडद्यावर फारसे काही नाही, आणि हे अशा भाषेत, जिच्यात मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांतून पुढे आलेल्या विज्ञानकथेची समृद्ध परंपरा आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पाहा. विश्वासरावांना लागणारी गोळी निसटती जाते, मराठे पानिपत जिंकतात आणि आपला इतिहासाचा प्राध्यापक त्या दुसऱ्या इतिहासातल्या मुंबईत येऊन पडतो. यासाठी अवकाशयान लागत नाही. वेगळ्या पाट्या, वेगळे झेंडे आणि आपल्याला पाठ असलेले काहीच जुळत नाही म्हणून गोंधळलेला एक अभ्यासू माणूस, एवढे पुरेसे आहे. लढाई तर पडद्यावर दाखवावीही लागणार नाही. बखरीचे एक पान जवळून दाखवले की काम होईल. तमिळमध्ये सुजातांनी साहित्य आणि चित्रपट यांच्यात जे ये-जा करण्याचे काम केले ते आपल्याकडे कोणी केले नाही, आणि आमच्याकडे पैसा नाही हे कारण अशा कथांसमोर टिकत नाही.

कोठून सुरुवात करावी याविषयी: आधी ‘इंड्रु नेट्रु नालै’ पाहावा, मग ‘अँड्रॉइड कुंजप्पन’, मग ‘कार्गो’, आणि त्यानंतर ‘एंदिरन’ पुन्हा एकदा, मध्यंतरापूर्वीचा आणि नंतरचा भाग वेगवेगळ्या दिवशी. कुंजप्पनचा ‘कूगल कुट्टप्पा’ हा तमिळ अवतारही आहे, पण पहिल्यांदा मूळ मल्याळमच उपशीर्षकांसह पाहावा, कारण म्हाताऱ्याच्या हट्टाला त्या घराची आणि त्या गावाची भाषा हवी. पाहताना प्रत्येक चित्रपटात यंत्राला काय करता येत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासात टिपून ठेवावे आणि शेवटी ताडून पाहावे.