तटस्थ की अलिप्त?

प्रश्न: धुऱ्यावरून आमच्या शेजारच्या दोघा भावांत लय भांडण लागलं. बाबा म्हणते आपन तटस्थ राहू. पोट्टं म्हणते तटस्थ नाही, अलिप्त म्हना, शाळेत तसंच हाये. आता लहान्याचा ट्रॅक्टर आमच्याच वावरातून जाते म्हना, पन आमी कोनातच नाही. मंग खरा शब्द कोनता?
– एक वाचक, तिवसा तालुका

उत्तर: भाऊ, शब्द बाबांचाच बरोबर. तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा असलेला, दोघं पाण्यात झोंबताहेत आणि तुम्ही काठावर. कौंडिण्यपूर तर तुमच्याच तालुक्यातलं, तिथल्या रुक्मिणीचा भाऊ रुक्मी, तो महाभारतात फौज घेऊन अर्जुनाकडे गेला, म्हणे भीती वाटत असेल तर मी आहे, अर्जुन म्हणाला नको, मग गेला दुर्योधनाकडे, त्यानेही नको म्हटलं, आला बिचारा घरी. बलराम मात्र स्वतःहून निघाला, सरस्वतीच्या काठाकाठाने तीर्थयात्रा करत, म्हणजे अक्षरशः तटस्थ! युद्धात दोघंही नव्हते, पण रुक्मीला मी तरी तटस्थ म्हणणार नाही, त्याला कोणी घेतलंच नाही.

अलिप्त म्हणजे न माखलेला, चिखलातल्या कमळासारखा. पोराच्या पुस्तकात आहे ते भारताचं अलिप्ततेचं धोरण, अमेरिका आणि रशिया दोघांच्याही गटात जायचं नाही, १९६१ ला बेलग्रेडला त्याची पहिली परिषद झाली. पण म्हणून आपण लढलोच नाही असं कुठे, १९६५ आणि १९७१ आहेच की. म्हणजे गटाबाहेर राहिला तो अलिप्त, आणि समोर चाललेल्या एखाद्या लढाईत कोणाकडूनच नाही तो तटस्थ. स्वित्झर्लंड तटस्थ आहे, फौज बाळगून.

जुन्या मराठीत 'तटस्थ झाला' म्हणजे थक्क होऊन जागीच थबकला असाही अर्थ होता, आता तो फारसा ऐकू येत नाही. कौटिल्य अशा बाजूला राहणाऱ्या राजाला 'उदासीन' म्हणतो, आज मात्र उदासीन म्हटलं की लोक विचारतात, घरी काही झालं का.

आता तुमचा ट्रॅक्टर. १९०७ च्या हेग करारात स्पष्ट आहे, तटस्थ देशाने कोणाच्याही सैन्याला आपल्या जमिनीतून जाऊ द्यायचं नाही. १९१४ ला जर्मनीने बेल्जियमकडे नेमका हाच रस्ता मागितला, बेल्जियम नाही म्हणाला आणि जर्मन फौज घुसली. तेव्हा बाबांना विचारा, उद्या मोठा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला तर त्यालाही वाट देणार का? नसेल, तर लहान्याच्या बाजूचे झालात तुम्ही.